वाईट दिवसासाठी राखलेलं मैदान

आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याची आमच्या रहिवासी संघाने पहिली रंगीत तालीम घेतली, त्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं, एक गोष्ट सोडून. भोंगा वाजला, माणसं जिन्याने खाली उतरली, वयस्कर मंडळींना हाताला धरून आणलं गेलं आणि सगळे मैदानाच्या फाटकाशी येऊन थांबले. फाटकाला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे असायची, ते गृहस्थ परगावी गेले होते. चाळीसेक माणसं, कडेवरची मुलं, एक चाकाची खुर्ची, सगळी रस्त्याच्या कडेला उभी. जाळीच्या पलीकडे मोकळं, गार, झाडांनी भरलेलं मैदान. खरोखरची आग असती, तर अग्निशमन दलाची गाडी नेमकी त्याच रस्त्याने आत यायची होती.

कुलूप लावण्यामागचा हेतू चांगला होता. बाहेरच्यांनी मैदानात गाड्या लावू नयेत, कचरा टाकू नये, म्हणून हिरवळ सांभाळणाऱ्या गटाने ते लावलं होतं. आपत्कालीन तयारी पाहणारा गट वेगळा. त्याने नकाशावर त्याच मैदानाभोवती गोल काढून ‘जमण्याची जागा’ असं लिहिलं होतं. दोन्ही गट एकाच संघाचे, महिन्यातून एकदा एकाच खोलीत बसणारे. पण कुलपाचा विषय कधी निघालाच नाही. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. वस्तीतली हिरवी जागा राखणं आणि संकटाची तयारी करणं, ही दोन वेगळी खाती समजून वाटून दिली की दोन्ही अर्धवट राहतात. मुळात ते एकच काम आहे. कसं, ते सांगते.

पहिले काही तास कुणाचे?

कुठल्याही शहराचं अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि बचाव पथकं नेहमीच्या दिवसांच्या हिशेबाने उभी केलेली असतात. एका वेळी दोन-चार ठिकाणी आग, दोन-चार अपघात, इतकं ती निभावतात. भूकंप झाला किंवा ढगफुटी झाली की एका तासात शेकडो ठिकाणांहून हाका येतात, आणि रस्ते नेमके तेव्हाच बंद पडलेले असतात. यात कुणाचा हलगर्जीपणा नसतो. रोज रिकामी उभी राहतील इतक्या गाड्या आणि इतकी माणसं कुठलंच शहर बाळगू शकत नाही. म्हणून पहिले काही तास वस्तीचे स्वतःचे असतात.

जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या आणि स्वतःहून बाहेर पडू न शकलेल्या माणसांची संख्या सुमारे ३५,००० धरली जाते. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. भूकंपाच्या केंद्राजवळच्या अवाजी बेटावर होकुदान नावाचं छोटं गाव होतं. तिथे सुमारे तीनशे माणसं गाडली गेली होती, आणि दिवस मावळायच्या आत गावकऱ्यांनी शोध पूर्ण केला. एवढ्या लवकर ते जमलं, कारण कोण कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात झोपतं हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं. ढिगारा कुठून उपसायला घ्यायचा, यावर त्यांचा वेळ गेला नाही.

हे वाचल्यावर मी स्वतःला विचारून पाहिलं: माझ्या मजल्यावरच्या किती जणांबद्दल मला एवढी माहिती आहे? तुम्हीही विचारून पाहा.

आता मानो या भागाची गोष्ट. तोही कोबेतलाच, नागाता विभागातला, दाटीवाटीच्या लाकडी घरांचा आणि घरांना खेटून असलेल्या कारखान्यांचा. १९६० च्या दशकात तिथले रहिवासी धुराला आणि घाणीला कंटाळून एकत्र आले. त्यांनी कारखान्यांशी आणि महापालिकेशी भांडून, वाटाघाटी करून काही कारखाने हलवायला लावले. रिकाम्या झालेल्या जागांवर छोटी उद्यानं झाली, झाडं लावली गेली. त्याच माणसांनी पुढे एकट्या राहणाऱ्या वृद्धांना जेवण पोचवायला सुरुवात केली. म्हणजे सुरुवात झाली झाडांपासून आणि स्वच्छ हवेपासून. तीस वर्षांनी भूकंप झाला, आजूबाजूला आगी भडकल्या, तेव्हा मानोतले लोक रांगा करून हातोहात बादल्या पुढे देत उभे राहिले. शेजारच्या कारखान्याचं स्वतःचं अग्निशमन पथक मदतीला आलं, आणि आग आटोक्यात राहिली. एके काळी ज्यांच्याशी भांडण होतं, त्या कारखान्यांशी एव्हाना ओळख झाली होती. नंतरच्या आठवड्यांत मदतीचं वाटपही तिथल्या रहिवाशांनी स्वतःच पाहिलं.

मानोच्या लोकांनी झाडं लावली ती भूकंपासाठी नव्हे. पण झाडं लावताना ठराव करणं, वर्गणी काढणं, भांडण मिटवणं, कामं वाटून घेणं हे सगळं शिकून झालं होतं. आग लागली तेव्हा नव्याने शिकायला वेळ कुठे होता?

मोकळी जागा, पण कशी?

उद्यान म्हणजे संकटात पळून जायची जागा, हे सगळ्यांना माहीत असतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ च्या भूकंपानंतर आणि आगीनंतर हजारो कुटुंबं उद्यानांमध्ये राहिली. त्यांच्यासाठी तिथे ५,६१० छोटी लाकडी घरं बांधली गेली. पण मोकळी जागा असणं पुरेसं आहे का? याचं उत्तर टोकियोने १९२३ मध्ये फार मोठी किंमत देऊन मिळवलं.

१ सप्टेंबर १९२३. दुपारचे बारा वाजायला दोन मिनिटं होती, घरोघरी चुली पेटलेल्या होत्या. भूकंप झाला आणि लगेच शेकडो ठिकाणी आग लागली. या आपत्तीत सुमारे १ लाख ५ हजार माणसं गेली, बहुतेक आगीमुळे. होंजो भागात लष्कराच्या गणवेशांचा जुना कारखाना हलवल्यामुळे मोठा सपाट भूखंड मोकळा पडला होता. लोक तिकडे धावले, आणि येताना गाद्या, कपाटं, बासनं, हातगाड्यांवर मावेल तेवढा संसार घेऊन आले. भूखंड माणसांनी आणि सामानाने गच्च भरला. चहूबाजूंनी आग जवळ आली, ठिणग्या सामानावर पडल्या आणि आगीची वावटळ उठली. त्या एका जागेवर सुमारे ३८,००० माणसं मरण पावली.

त्याच शहरात, त्याच दिवशी, तिथून फार लांब नसलेल्या कियोसुमी उद्यानात सुमारे २०,००० माणसं वाचली. तिथे दाट झाडी होती आणि मधोमध मोठं तळं होतं.

या दोन जागांची तुलना मी पुन्हा पुन्हा करते, कारण आपल्याला लागणारं जवळजवळ सगळं तिच्यात आहे. ओल्या, जिवंत पानांमध्ये पाणी भरलेलं असतं. आगीची धग आधी ते पाणी आटवण्यात खर्च होते, म्हणून हिरव्या झाडांची रांग धग अडवते आणि उडत्या ठिणग्याही झेलते. पाण्याचा साठा असेल तर विझवायला, भिजवायला आणि प्यायलाही काही तरी हाताशी असतं. आणि जमण्याच्या जागेत जळण्याजोगं सामान आणलं, तर ती जागा जमण्याची राहत नाही. आपल्या मैदानाच्या कोपऱ्यात पडलेले जुने दरवाजे, मोडके सोफे, मंडपाचं कापड आणि लाकडी बांबू यांच्याकडे या नजरेने एकदा पाहून या.

कोबेत १९९५ मध्ये हेच छोट्या प्रमाणावर दिसलं. नागाता विभागातल्या दाइकोकू उद्यानापाशी येऊन आग थांबली. शेजारचा रुंद रस्ता आणि उद्यानातली झाडं यांनी मिळून ती अडवली. झाडं आगीकडच्या बाजूने करपली होती, दुसरी बाजू हिरवी राहिली होती.

टोकियोने १९२३ नंतर काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. पुनर्बांधणीत शहराने ५२ छोटी उद्यानं प्राथमिक शाळांना लागून बांधली. शाळेची इमारत आणि शेजारचं मैदान मिळून आसरा तयार होईल, आणि एरवी मुलं तिथे खेळतील. म्हणजे रोजच्या वापराची जागाच संकटाची जागा. रोज पाय पडणाऱ्या ठिकाणी माणूस अंधारातही न चुकता पोचतो. जपानमधल्या आजच्या अनेक उद्यानांत बसायच्या बाकाची फळी काढली की खाली चूल निघते, काही झाकणं उघडून वर तंबू लावला की शौचालयं तयार होतात, जमिनीखाली पाण्याच्या टाक्या असतात. एवढं आपल्याला लगेच जमणार नाही. पण नवा बाक बसवताना त्याच्या खाली काय ठेवता येईल, हा प्रश्न विचारायला काहीच लागत नाही.

पाण्याचा हिशेब

हा भाग आकड्यांचा आहे, पण सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं मैदान २,००० चौरस मीटरचं आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर फक्त मैदानावर एक लाख लिटर पाणी पडलं. दहा हजार लिटरचे दहा टँकर. माती भुसभुशीत असेल तर यातलं बरंच पाणी मुरतं, निदान तासभर थांबून हळूहळू पुढे जातं. त्याच मैदानावर सिमेंट ओतलं, तर जवळजवळ सगळं पाणी काही मिनिटांत गटाराकडे धावतं, आणि गटार आधीच भरलेलं असतं. मग ते वाहनतळात शिरतं, तळमजल्यावर शिरतं, विजेच्या मीटरच्या खोलीत शिरतं.

कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर पाण्याखाली गेलं. नुसती गटारं मोठी करून भागणार नाही, हे ओळखून शहराने उद्यानांनाच पाणी धरायला लावलं. एंगहावे नावाचं जुनं उद्यान अशा रीतीने बदललं की अतिवृष्टीत ते दोन कोटी लिटरहून अधिक पाणी थोपवून धरू शकतं. एरवी तिथे लोक फिरतात, मुलं खेळतात. खोलगट केलेल्या भागांत आणि भोवतीच्या बुटक्या भिंतींच्या आत पाणी साठतं आणि पाऊस ओसरल्यावर सावकाश सोडलं जातं.

वस्तीच्या पातळीवर करायचं काम याहून कितीतरी साधं आहे. मैदानाचा एखादा कोपरा वीतभर खोल करून तिथे पाणी सोसणारी झाडं लावायची, गच्चीच्या पन्हळांचं पाणी तिकडे वळवायचं, आणि मातीवर गाड्या चढू द्यायच्या नाहीत. शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होतं. गाडीच्या वजनाने माती दबते, तिच्यातल्या हवेच्या फटी बुजतात, आणि वरून हिरवी दिसणारी जमीन फरशीसारखी वागू लागते. तपासायचं असेल तर पावसानंतर दुसऱ्या दिवशी एक लांब पेचकस घ्या आणि ओल्या मातीत दाबून पाहा. झाडाखाली तो मुठीपर्यंत जातो. जिथे महिनाभर गाड्या उभ्या होत्या, तिथे बोटाच्या पेराएवढा शिरला आणि अडकला. आम्ही हे आठ ठिकाणी करून पाहिलं, आकडे कागदावर लिहिले आणि सभेत तो कागद फिरवला. त्याआधी तासभर झालेल्या वादाला जे जमलं नव्हतं, ते त्या कागदाने केलं.

उन्हाळ्यातलं मुकं संकट

पूर दिसतो, आग दिसते. उष्णतेची लाट दिसत नाही, म्हणून तयारीच्या यादीत तिचा नंबर शेवटी लागतो. शिकागोत जुलै १९९५ मधल्या अवघ्या काही दिवसांच्या लाटेत नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. बळी गेलेल्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण मोठं होतं. अनेकजण दारं-खिडक्या बंद करून आतच राहिले आणि गेले. पुढे अभ्यासकांनी एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. तरी एका वस्तीतलं मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या जवळजवळ दहापट. जिथे मृत्यू कमी झाले, तिथले रस्ते गजबजलेले होते, माणसं बाहेर पडत, एकमेकांना भेटत. दुसरीकडे इमारती ओस पडत गेल्या होत्या, मोकळे भूखंड उजाड होते आणि लोक बाहेर पडायला घाबरत.

मोकळी जागा होती, पण कुणी राखलेली नव्हती. नुसत्या चौरस फुटांनी माणूस वाचत नाही.

राखलेली सावली मात्र वाचवते. भर उन्हातल्या आणि झाडाच्या सावलीतल्या पृष्ठभागांच्या तापमानात ११ ते २५ अंश सेल्सिअस एवढा फरक पडू शकतो. सावली असली की माणसं संध्याकाळी खाली येतात. रोज खाली येणाऱ्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत, तर कुणीतरी वर जाऊन दार वाजवतं. उष्णतेच्या लाटेत याहून मोठं बचावकार्य दुसरं नाही, असं मला वाटतं.

जागा जाते कशी आणि टिकते कशी

हिरवी जागा एका रात्रीत क्वचित जाते. आधी कोपऱ्यात जनित्र येतं. मग त्याच्यासाठी छप्पर. मग ‘पावसात चिखल होतो’ म्हणून पायवाटेला पेव्हर ब्लॉक, मग पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, मग चार पाहुण्यांच्या गाड्यांपुरती जागा. प्रत्येक मागणी खरी असते आणि मागणारा आपलाच शेजारी असतो, म्हणून नाही म्हणणं जड जातं. झाडांचंही तसंच. खोडाला घट्ट चिकटवून फरशी बसवतात, मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती फरशी उचलू लागतात, मग ‘मुळं त्रास देतात’ म्हणून तोडली जातात, आणि चार वर्षांनी वादळात तेच झाड आडवं होतं. दोष झाडावर येतो.

म्हणून पहिलं काम कागदाचं. जागा कुणाच्या नावावर आहे, मंजूर आराखड्यात ती कशासाठी दाखवली आहे, तिच्या हद्दी कुठून कुठे आहेत, हे तीन प्रश्न. उत्तरं मिळाली की टेप घेऊन जागा मोजा, चारही बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक झाडाला क्रमांक द्या, घेर मोजा. कागदपत्रांच्या प्रती निदान तीन घरांत ठेवा. पुढे कधी अर्ज-तक्रार करायची वेळ आली, तर ‘पूर्वी इथे खूप हिरवळ होती’ या वाक्याला फारसं वजन नसतं. तारखेसह मोजलेल्या आकड्यांना असतं.

दुसरं काम नियमांचं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. सामाईक कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारीची ठिकाणं लोक पिढ्यानपिढ्या कशी टिकवतात, हे त्यांनी जगभर फिरून अभ्यासलं. सामाईक वस्तूचा नेहमी विचकाच होतो, हा समज त्यांनी खोडून काढला. टिकलेल्या ठिकाणी त्यांना काही गोष्टी सारख्या आढळल्या. जागेची हद्द आणि वापरणारे कोण, हे स्पष्ट होतं. नियम वापरणाऱ्यांनीच केले होते आणि त्यांना बदलता येत होते. लक्ष ठेवणारे आपल्यातलेच होते. पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा, मग चढत्या क्रमाने कडक. भांडण मिटवायला जवळची, कमी खर्चाची सोय होती. आपल्या संघाची नियमावली काढून यांतलं काय आहे नि काय नाही, ते पाहा. बहुतेक ठिकाणी पहिल्याच चुकीला मोठा दंड लिहिलेला असतो. तो कुणी कुणाकडून वसूल करत नाही, आणि मग नियमालाच अर्थ उरत नाही.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी एकच ठराव आहे: हिरव्या जागेचा एक चौरस मीटरही दुसऱ्या वापराला द्यायचा असेल तर कार्यकारिणीने परस्पर ठरवायचं नाही, सर्वसाधारण सभेपुढे आणायचं, आणि ‘आगीच्या वेळी, पुराच्या वेळी, उन्हाळ्यात या जागेचा काय उपयोग होता आणि तो आता कुठून भरून काढणार’ याचं लेखी उत्तर सोबत जोडायचं.

हेही सांगायला हवं की हिरवळ सदासर्वकाळ मित्र नसते. वाळलेलं गवत आणि साचलेला पालापाचोळा म्हणजे जळण. वणव्यांचा धोका असलेल्या प्रदेशांत भिंतीपासून पहिला दीड मीटर पट्टा जळण्याजोग्या वस्तूंपासून मोकळा ठेवायला सांगतात. वाऱ्याबरोबर येणारी ठिणगी तिथेच पडून घर पेटवते. वाळक्या फांद्या वादळापूर्वी जाणकाराकडून उतरवून घ्यायच्या. झाडाच्या छाटणीला विरोध म्हणजे झाडावर प्रेम, असं मानणाऱ्यांची समजूत काढावी लागते, आम्हालाही लागली.

वही, हात आणि तालीम

आता माणसांची तयारी. सुरुवात एका वहीने होते. कुठल्या घरात किती माणसं, कुणाला चालता येत नाही, कुणाच्या श्वासाचं यंत्र विजेवर चालतं, कुठल्या घरात दिवसा फक्त मुलं असतात, कुणाची दुसरी किल्ली कुणाकडे आहे. आणि उलट बाजूने: डॉक्टर, परिचारिका, वीजतंत्री, नळ दुरुस्त करणारा, मोठी शिडी, पहार, दोरखंड कुणाकडे आहे. ही वही कागदाचीच हवी, कारण वीज गेली की फोन दिवसभरात बंद पडतात. ती उघड्यावर ठेवायची नाही. माहिती देणं ऐच्छिक ठेवायचं आणि बंद पाकिटात दोन-तीन विश्वासू घरांत वही ठेवायची. लोक माहिती द्यायला कचरतात, त्यात गैर काही नाही. विश्वास बसला की देतात.

नंतर हात. मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपात सामान्य नागरिकांनी ढिगाऱ्यांतून सुमारे ८०० माणसांना वाचवलं, पण त्या प्रयत्नांत सुमारे १०० स्वयंसेवकांचा जीव गेला. धैर्य भरपूर होतं, शिक्षण नव्हतं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने नागरिकांना प्राथमिक बचावकार्य शिकवायला सुरुवात केली, आणि १९९३ पासून ते प्रशिक्षण अमेरिकाभर नेलं गेलं. त्यातली शिकवण मोजकी आहे: आधी स्वतःची सुरक्षितता, मग शेजाऱ्याची. छोटी आग कशी विझवायची आणि कुठल्या क्षणी ती सोडून बाहेर पडायचं. रक्तस्राव कसा दाबून थांबवायचा. कलती भिंत असलेल्या घरात शिरायचं नाही. पाणी मीटरपर्यंत यायच्या आत मुख्य वीज बंद करायची आणि पाण्यात उभं राहून बटणाला हात लावायचा नाही. आपल्याकडच्या अग्निशमन दलाला लेखी विनंती केली तर अशी प्रात्यक्षिकं अनेकदा मिळतात. येतील तेव्हा त्यांना एकदा आतून फिरवून आणा आणि विचारा, गाडी कुठवर येते, कुठे अडते. आमच्याकडे ती एका शोभेच्या कुंडीमुळे वळत नव्हती.

साठ्याबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक माणसामागे दिवसाला साधारण चार लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं. नेहमीची औषधं, विजेरी, शिट्टी, कागदपत्रांच्या प्रती. हे घराघरात हवं. संघाकडे प्रथमोपचाराची पेटी, दोरखंड, पहार, स्ट्रेचर, हातभोंगा आणि मैदानातली पाण्याची टाकी.

आणि तालीम. जपानमध्ये १९२३ च्या भूकंपाची तारीख, १ सप्टेंबर, हा १९६० पासून आपत्ती निवारण दिन म्हणून पाळला जातो आणि देशभर तालमी होतात. वर्षातून एकदा ठरलेली तारीख असली की त्याभोवती बाकीची कामं आपोआप लावता येतात: वही ताजी करणं, टाकी धुणं, वाळक्या फांद्या उतरवणं, कोपऱ्यातलं भंगार काढणं, झाडांचा घेर मोजणं. आम्ही तालीम आणि झाडांची मोजणी एकाच सकाळी ठेवतो. मुलं झाडं मोजायला येतात, म्हणून त्यांचे आईवडीलही येतात.

कुलपाच्या प्रसंगानंतर वर्षभराने दुसरी तालीम झाली. किल्ल्या आता तीन घरांत आहेत आणि चौथी फाटकाशेजारच्या काचेच्या पेटीत. अकरा मिनिटांत सगळे कडुनिंबाखाली जमले, वही उघडली, नावं वाचली. दोन नावांना ‘हो’ आलं नाही. एक कुटुंब बाहेर गेलेलं होतं, ते शेजारणीने सांगितलं. दुसरे आजोबा दुसऱ्या मजल्यावर शांत झोपलेले सापडले. ऐकण्याचं यंत्र काढून उशाशी ठेवलं होतं, भोंगा त्यांना ऐकूच गेला नव्हता. वहीत त्यांच्या नावापुढे तशी नोंद केली आहे. त्यांच्या खोलीत लुकलुकणारा दिवा बसवायचा, आणि तो बसेपर्यंत कुणी वर जायचं, हा पुढच्या सभेतला पहिला विषय आहे.